कुणाच्या कानी

वकिलाच्या ऑफिसातल्या डेल्मरने तीन नावं लिहून दिली,
गॅस कंपनीच्या पाकिटाच्या पाठीवर.
म्हणाला, मॅरिट, यातलं एक निवड.
सरकारचा डॉक्टर चाळीस मिनिटं बघेल
आणि लिहील: वेळेवर आली, केस विंचरलेले, नजरेला नजर दिली.
आपल्याला आपला माणूस हवा.

आपला माणूस म्हणजे
साडेचारशे डॉलर, आगाऊ,
निकाल काहीही लागो.

बाहेर डुलुथचा मार्च.
सरोवरावरचा बर्फ हटलेला नाही,
पुलाखाली तेवढं पाणी काळं दिसायला लागलंय.

एकोणीस वर्षं मी हेडफोन लावून बसले.
नऊ-एक-एक, तुमचा पत्ता सांगा.
झोपेतही विचारते म्हणे.
वॉल्टर सांगतो, मी उत्तर देतो गं,
पण तू पुन्हा पत्ताच विचारतेस.
घर जळताना कसं ऐकू येतं, मला ठाऊक आहे.
कपाटात लपलेलं पोर
किती कमी श्वासात भागवतं, तेही.

फॉर्मवर यासाठी चार ओळी.
त्याच्या वरचा प्रश्न:
स्वतःचं सूप स्वतः गरम करता येतं का?
येतं.
मग शेजारच्या घरात फोन वाजतो
आणि सूप करपून धूर होईपर्यंत
मी शेगडीपाशी उभी असते, हातात चमचा.
हे हो, की नाही?

जिच्याकडे चार वर्षं जातेय ती बेथनी म्हणाली,
मी कोर्टासाठी लिहीत नाही.
लिहिलं तर पुढच्या मंगळवारपासून
तू माझ्याशी साक्षीदारासारखी बोलशील.
आठवडाभर तिचा राग आला.
अजून थोडा आहे.

तेव्हा मी मला येतं तेच केलं.
फोन लावले, आणि ऐकलं.

डॉक्टर पेंडलटन:
माझं नाव पुरतं ऐकायच्या आत म्हणाले,
काळजी नको, मी सगळ्यांना मिळवून देतो.
सगळ्यांना.
डेल्मरनेच नंतर कबूल केलं,
त्यांचा रिपोर्ट न्यायाधीश आता उघडतही नाहीत,
सगळ्यांचं दुःख शब्दाला शब्द तेच.

डॉक्टर ग्रिम्सबी:
बोलणं गोड, मागे कळफलक.
मीही टाइप करत ऐकायचे, त्याचं काही नाही.
पण मी गप्प होते तेव्हाही बाई टाइप करत होत्या.

डॉक्टर कोस्की, हिबिंग, खाणीकाठचं गाव,
गाडीने दीड तास.
बराच वेळ रिंग. मग कुत्रं. मग:
आत्ता बोलता येईल ना तुम्हाला?
आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.
अकरा सेकंद. मोजले मी, सवय आहे.
आम्हाला शिकवलं होतं,
शांतता भरून काढायची नाही, फोन ठेवायचा नाही.
तिला कुणी शिकवलं कोण जाणे.
तिने भरून काढली नाही.
ठेवलाही नाही.

मग म्हणाली, मला दिसेल तेच मी लिहीन.
ते तुमच्या कामाचं असेल, असं नाही.

डेल्मरने कपाळाला हात लावला.
वॉल्टर काही बोलला नाही,
बर्फ उपसायच्या यंत्रासाठी साठवलेले पैसे
त्याने टेबलावर मोजून ठेवले,
वर मिठाची बाटली, उडू नयेत म्हणून.
खिडकी बंद होती.

तारीख नऊ एप्रिल.
कोस्कीने पत्ता सांगितला, मी दोनदा म्हणून दाखवला,
जवळचा चौक कुठला तेही विचारलं,
दार कुठल्या बाजूला उघडतं.
इतकी वर्षं पत्ता घेऊन
दुसऱ्याच कुणाला पाठवत आले.

आता एवढंच ठरत नाही:
त्या दिवशी केस विंचरायचे की नाही.
विंचरले तर बरी आहे म्हणतील.
नाही विंचरले तर
मीच मला सोंग वाटेन.
कंगवा पर्समध्ये टाकलाय.
गाडीत बघू.