मंगळवारचं इतिवृत्त

सभा सुरू झाली सहा वाजून चार मिनिटांनी.
ती चार मिनिटं लाइलची. बुटांवरचं बर्फ तो
दाराबाहेर नाही, आत येऊन झटकतो
आणि मग फडकं शोधत फिरतो. दंड एक डॉलर.

बाहेर उणे एकतीस.
हजर नऊ. गणसंख्या अकरा.
हा मुद्दा सहा वर्षं कुणी काढलेला नाही,
आजही काढला नाही.

चर्चच्या तळघरात हीटर ठोठावत असतो,
त्यालाही काही मांडायचं असल्यासारखा.
बटाट्याचं सूप अध्यक्षांनी, म्हणजे मार्गिटने, आणलेलं.
मीठ विसरलेलं. हे वाचून दाखवणार नाही.

मागचं इतिवृत्त कायम.
जुने चष्मे जमले दोनशे बारा. होवेन्सियो,
इलोइलोहून आलेला आमचा औषधवाला,
एकेक जोडी साबणाने धुतो, स्वतःच्या डोळ्यांना लावून बघतो.
म्हणाला, या गावात जवळचं कुणालाच दिसत नव्हतं वाटतं.
हशा. हशा लिहायचा नसतो. लिहिला.

पॅनकेकच्या नाश्त्याचे सहाशे चाळीस आले.
त्यातून मुलांच्या रिंकला नवी जाळी,
आणि सिरपचे जे डबे कुणी मोजले नाहीत, ते.

विषय चौथा.
मार्गिट म्हणाली, एका घराला रॅम्प हवाय.
ऑरेस्टने कानामागची पेन्सिल काढली.
तीस वर्षं इथला प्रत्येक रॅम्प त्याच्या टेपने मोजलेला,
एक इंच चढाला एक फूट लांबी, बोटभरही कमी नाही.
कुणाच्या दाराशी किती पायऱ्या
आणि कोण कधीपासून त्या मोजायला लागलं,
त्याला पाठ.

घर कुणाचं, त्याने विचारलं.

हीटर थांबला. तो तसाही थांबतो.
मार्गिट सुपात डाव फिरवत राहिली.
तुझं, लाइल म्हणाला.
त्याला दाराबाहेर काही झटकता येतच नाही.

या तळघराला तेरा पायऱ्या.
ऑरेस्ट ऑक्टोबरपासून साडेपाचलाच येतो.
आम्हाला वाटायचं, कॉफीसाठी.

हरकत पहिली : सभासदाने क्लबचा लाभ घेऊ नये, कलम सात.
हरकत दुसरी : जमीन एप्रिलपर्यंत दगड, खांब रोवता येणार नाहीत.
तिसरी म्हणून त्याने बोट वर केलं,
मग त्याच बोटाने टेबलावरची मिठाची दाणी
होवेन्सियोकडे सरकवली.
ठराव आठ विरुद्ध एक मताने मंजूर.
विरोधी मत कुणाचं ते नावानिशी लिहा, असा त्याचा आग्रह.
लिहिलं. ऑरेस्ट ह्रित्सियुक.

पुढचं त्या सभेतलं नाही, पण वही माझ्याकडे आहे.

एप्रिलातला शनिवार. वर रानबदकं गोंगाट करत उत्तरेला निघालेली.
आम्ही सकाळभर करवती चालवल्या.
तो अंगणात, स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर आणून,
मांडीवर घोंगडी, तोंडातून शब्द नाही,
जे आमच्यापैकी कुणाला सोसत नव्हतं.
दुपारी फळ्या बसल्या. तेव्हा उठला,
खिशातून काचेची गोटी काढून माथ्यावर ठेवली.
गोटी डावीकडे गेली.

उकला, म्हणाला.

उकललं. अकरा फळ्या, लाइलच्या शिव्या
(वर्गवारीने लिहिता येतील), दोन वाकडे खांब.
दुसऱ्यांदा संध्याकाळ झाली होती.
गोटी सरळ निघाली, कुठे न अडखळता,
खालच्या अर्धवट वितळलेल्या बर्फात शिरली आणि गेली.
अध्यक्ष गुडघ्यांवर बसून ती शोधत होत्या
अंधार पडेपर्यंत. ऑरेस्ट माथ्यावरून सांगत होता,
आणखी उजवीकडे. नाही. तुझ्या उजवीकडे.

नंतरच्या मंगळवारी दंडाच्या बरणीत त्याचे दोन डॉलर.
कशाबद्दल, मी विचारलं.
लिहू नकोस, म्हणाला.

नव्या सूचना : सभा यापुढे वरच्या खोलीत घ्यावी.
अनुमोदक सात.
एकाने छताकडे बघितलं, मग वर हीटर नाही, म्हणाला.
निर्णय पुढच्या सभेवर.

सभा संपली सात पंचविसाला.
खुर्च्या रचल्या, दिवे मालवले.
जिन्यावर लाइल सर्वांत मागे राहिला,
बुटाची नाडी बांधत,
खूप वेळ बांधत.