करंगळीच्या बाजूला

शेफील्डच्या टेकडीवरचं हॉस्पिटल, तिसरा मजला.
आमच्या खोलीच्या दारावर अजून 'लिनन' असंच लिहिलंय,
चादरींच्या फळ्यांवर आता फॉर्म.
तिसाव्या दिवसाची भेट, अनुक्रमांक शून्य चार एक सात:
क्लिफर्ड ऑक्सली, वय एकाहत्तर,
बार्न्सलीहून दोन बस बदलून.

महिन्यापूर्वी मी होतेच तिथे, टेबलाच्या उशाशी.
मनगटातून नळी आत सरकताना
धमनी आवळली गेली, आवळते कधीकधी,
आणि डॉक्टर फेन्टिमन थांबले, स्क्रीनकडे बघत.
मला मिरजेची कासारीण आठवली,
अंगठ्याच्या हाडापाशी अडलेली बांगडी
आणि तिचं ते एकच वाक्य:
हात सैल सोड गं, इकडे बघू नकोस.
तेच मी म्हटलं, इंग्रजीत.
त्यांनी छताकडे बघितलं. नळी गेली.

मग पट्टा. हवा भरलेला, पारदर्शक.
दर पंधरा मिनिटांनी दोन मिली हवा काढायची,
रक्त आलं तर परत भरायची.
आमचा अभ्यास एवढाच आहे, किती वेळ आणि किती हवा;
पाचशे साठ मनगटं, दोन गट, नाणेफेक कॉम्प्युटरची.
तिसऱ्यांदा हवा काढली तेव्हा रक्त आलं.
मी भरली.
जरा जास्तच भरली का?
आकडा लिहिला, वेळ लिहिली, आद्याक्षरं केली.
'जरा जास्तच' लिहायला रकाना नाही.

आज मनगटावर काही नाही. ना गाठ, ना काळंनिळं,
टाचणीच्या डोक्याएवढी खूण.
मी तीन बोटं ठेवली.
पुन्हा ठेवली.
जेल लावून प्रोब फिरवला,
तर यंत्रातून नुसती खरखर,
रात्री स्टेशन न लागणाऱ्या रेडिओची.

दुखतं? नाही. मुंग्या? नाही.
बोटं गार पडतात?
नोव्हेंबरात बार्न्सलीत सगळ्यांचीच पडतात, पोरी.
धमनी बंद, लक्षणं नाहीत.
दोन चौकोन, दोन खुणा.

मी समजावत होते की हाताला रक्ताच्या दोन वाटा असतात,
एक बुजली तरी दुसरी...
त्यांनी मध्येच विचारलं, मग तुमच्या कागदात मी कुठे?
तक्ता तीन, म्हटलं. सतरा जणांत.
ते हसले. त्यांच्याकडे कबुतरं आहेत, शर्यतीची.
पिल्लू आठवड्याचं झालं की पायात कडी सरकवायची,
चार दिवस उशीर झाला तर जातच नाही,
आणि गेलेली मग निघत नाही जन्मभर.
नंबर कडीवर असतो.
पण वहीत, न परतलेल्याच्या पुढे,
ते नंबर लिहीत नाहीत. नाव लिहितात,
आणि त्या दिवशी वारा कुठला होता ते.

शेऱ्याच्या रकान्यात दोनशे अक्षरं मावतात.
मी लिहिलं:
'कबुतर हातात धरलं की त्याचे ठोके कुठले आणि आपले कुठले
याची पूर्वी गल्लत व्हायची, आता होत नाही,
असं रुग्ण सांगतो.'
गुरुवारी लीड्सहून लाल झेंड्यासकट विचारणा आली:
अप्रस्तुत मजकूर. काढावा किंवा खुलासा करावा.
आज सोमवार. झेंडा तसाच आहे.

खुलासा काय करू?
त्या दिवशी टोपी चढवून ते दारात थांबले,
हात पुढे केला, निरोपाचाच असेल.
मी तो उलटा केला
आणि करंगळीच्या बाजूला,
जिथे बोटं ठेवायची सवय आम्हाला कुणी लावत नाही,
तिथे दाबून धरलं.
खोल होतं. पण होतं.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी पूर्ण मिनिट मोजलं.

चौसष्ट, म्हटलं.
माझे की तुझे, त्यांनी विचारलं,
आणि खाली दोनची बस निघून गेली.