भारमान

निमाणीच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागे
एकोणतीस वर्षं मी आलेखाच्या कागदावर शहर काढलं.
आडव्या अंगाला वेळ, उभ्या अंगाला थांबे:
निमाणी, शालिमार, द्वारका, बिटको, नाशिकरोड.
एक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ,
चढती जाणारी, उतरती परतणारी.
दोन रेघा जिथे एकमेकींना कापत
तिथे, एवढ्या वाजता, एवढ्या मिनिटांनी
दोन ड्रायव्हर काचेआडून हात करत असणार
हे मला खुर्चीतून न उठता कळे.

वस्ती आधी येते. अर्ज मागाहून.
गाडी त्याच्याही मागाहून, आणि थांब्याचा खांब सगळ्यात शेवटी.
सिडकोचे अर्ज गठ्ठ्यानं आले,
पाथर्डी फाट्याचा एकच आला, वहीच्या पानावर, शाईच्या पेनानं.
सातपूरला तीन भोंगे, म्हणून तीन पाळ्यांच्या गाड्या;
एखादा भोंगा वाजेनासा झाला
की मी खोडरबर घ्यायचो.
पुसलेली रेघही दिसते,
कागद खिडकीशी उजेडात धरला तर.

सिंहस्थाच्या वर्षी रेघांनी कागदच काळा झाला.
त्याचं सोडा.

मला सांगायचंय ते आंबेपाड्याच्या मुक्कामीचं.
रात्री आठ पन्नास, गिरणाऱ्याच्या पुढे चढावर.
ड्रायव्हर शफी मणियार, कंडक्टर रंगनाथ बेंडकुळे.
शाळेच्या ओट्यावर दोघांची वळकटी,
उंबराखाली गाडी,
पहाटे पाच चाळीसला परत.
रात्रीच रिकामी आणली तर ते मेलेले किलोमीटर.
हा शब्द हिशेबखात्याचा. मी फक्त बेरीज करायचो.

परिपत्रक आलं: चाळीसच्या खाली भारमान, फेरी बंद.
एकेक गाव गळालं.
आंबेपाडा मात्र चव्वेचाळीस.
श्रावणात चव्वेचाळीस, शिमग्यात चव्वेचाळीस,
मे महिन्यात, माणसं उंबऱ्याबाहेर पडत नाहीत तेव्हाही
चव्वेचाळीस.
माणसं इतकी नेमानं प्रवास करत नाहीत.
मी एका मंगळवारी स्वतःच गाडीत बसलो,
मागच्या सीटवर, मफलर गुंडाळून.

शेवटच्या थांब्याला तिघं उतरली:
सिव्हिलमधली आया हौसाबाई गांगुर्डे,
मोटार वाइंडिंग शिकणारा एक पोरगा,
आणि रिकाम्या किटल्यांचा एक म्हातारा.
वेबिलावर एकोणीस.
सोळा तिकिटं रंगनाथनं आपल्या पैशांनी फाडली होती,
चढावर, दिवा मालवून,
चिमट्याचा टकटक आवाज मी मोजला होता.

मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला,
“साहेब, सकाळी या. उभं राहायला जागा नसते.
सगळी पासवाली पोरं. पास तुमच्या भारमानात धरत नाहीत.
पण गाडी रात्री इथं निजली नाही
तर पहाटे उठेल कुठून?”

शफी बोनेटवर चहाची किटली ठेवत होता.
त्यानं तीन कप काढले.
मी ओट्यावर निजलो. सकाळी पाहिलं.
दरवाजाच्या दांडीला नऊ दप्तरं लटकलेली,
मालक आत कुठेतरी.
निमाणीला उतरून मी रकान्यात लिहिलं, माझ्या अक्षरात:
चव्वेचाळीस.
आणखी सहा वर्षं लिहिलं.

आता शहरगाड्या दुसऱ्यांच्या झाल्या.
गाडी कुठेय ते फोनवर सरकत्या ठिपक्यात दिसतं,
रेघ कुणी काढत नाही.
नव्या नकाशात आंबेपाडा नाही; चौकशी केली,
मुलगा नम्रपणे म्हणाला, असा थांबा सापडत नाही, काका.

काल गिरणाऱ्याला निघालो, रात्रीच्या गाडीनं, उगाच.
पाच-सहा डोकी. कंडक्टर पोरगी, हातात मशीन,
चिमटा नाही, टकटक नाही, कागद नुसता जिभेसारखा बाहेर.
“दोन दे,” म्हटलं.
तिनं शेजारची सीट पाहिली.
“दुसरं कोण, बाबा?”

“मागून येतंय.”