आवळ्याची पाहणी

आमचं आडनाव सातपैसे.
सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात त्यावर बावीस वर्षं हसून झालं,
आता कोणी हसत नाही.
टेबलावर फाइल : एकतीसशे कोटी.
त्यातले तीस टक्के परत यायचे आहेत.

आवळा देऊन कोहळा काढतात, आई सांगायची.
हे उलटं आहे, नीट ऐका :
कोहळा आपण आधीच देऊन बसलो,
विमानं आली, धावपट्टीवर फोटो निघाले,
आता विकणाऱ्यानं एक आवळा परत करायचा
असं ठरलंय, कलम बारा, पोटकलम तीन.
त्या आवळ्याला ऑफसेट म्हणतात.
तो खरंच आला का,
आला तर किती किडका,
हे बघायला दिल्लीनं मला नेमलंय
खापरीच्या पलीकडे, मिहानमध्ये,
मे महिन्यात.

ड्रायव्हर निनावेनं खिशात कांदा ठेवायला लावला,
डोक्याला दुपट्टा. वर्धा रोड वितळून राह्यला होता.
"इथं लय कंपन्या येनार होत्या साहेब."
'होत्या'वर त्यानं गिअर बदलला.

शेड क्रमांक चार.
फरशी अशी की चप्पल लाजते.
मधोमध एक यंत्र, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं,
लग्नात आलेल्या दुसऱ्या मिक्सरसारखं.
व्यवस्थापकांनी ताक दिलं, मग तक्ते दिले.
तक्त्यात एक रकाना : हस्तांतरित ज्ञान.
किंमत एकेचाळीस कोटी.
त्याला गुणक तीन, म्हणून जमा एकशे तेवीस.

पोती मोजता येतात मला.
रूळ मोजलेत, स्लीपर मोजलेत,
बोल्टांवर पिवळा ठिपका देत देत
एकदा बल्लारशाचं अख्खं गोदाम मोजलंय.
ज्ञानावर ठिपका कुठं द्यायचा?

विचारलं, कोणाला दिलं हे ज्ञान?
तर त्यांनी आणून उभी केली
प्रांजली उरकुडे, आयटीआय फिटर, राहणार बुटीबोरी.
हातात तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा कंस.
"हा कशाला लागतो?"
"दाराला, सर."
"कुठल्या विमानाच्या?"
तिनं व्यवस्थापकांकडे पाहिलं,
व्यवस्थापकांनी छताकडे.

मग त्यांचा फोन वाजला, ते जिन्यापाशी गेले.
"तिकडून दोघं आले होते सर. अकरा दिवस.
माणसं चांगली. मशीन चालवून दाखवली.
पासवर्ड तेवढा घेऊन गेले."

संध्याकाळी, वाळ्याच्या ओल्या वासात,
मी शेरा लिहायला घेतला :
'असे निदर्शनास येते की ज्ञान प्राप्त झाले आहे,
परंतु ते उघडत नाही.'
धकाते मॅडमनी चष्मा वर केला.
"हे कोणी सांगितलं, ते विचारतील.
त्या शेडमध्ये शिकलेले सहाच जण आहेत, सातपैसे.
त्यात पोरगी एकच."

खोडलं.
दुसरं लिहिलं, 'यंत्राच्या वापराबाबत स्पष्टता आवश्यक.'
या वाक्यात कोणीच सापडत नाही,
तीही नाही, तेही नाहीत.
चार महिन्यांनी मंत्रालयाचं उत्तर आलं,
एका ओळीचं : नोंद घेतली, विक्रेत्यास मुदतवाढ दिली.
मुदतवाढीलाही गुणक असेल तर
मला कळवलेलं नाही.

निघताना तिनं एक रद्द कंस दिला होता,
भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं.
भेट घेता येत नाही, म्हणून मी गेटवर पावती केली :
भंगार नग एक, किंमत शून्य.
कूलरच्या वाऱ्यानं फाइलची पानं उडतात,
त्यांच्यावर तो ठेवला आहे.
त्या करारातून आलेली
आणि कामाला लागलेली
एवढीच वस्तू मी शपथेवर दाखवू शकतो.

वजन करून पाहिलं, सदरच्या सोनाराकडे.
एकशे ऐंशी ग्रॅम.
गुणक नाही.