झाकली मूठ

सोहारच्या या ऑफिसात एसी इतका की
ऐन मे महिन्यात मी स्वेटर घालून
तीनशे बारा माणसांचे पगार
तीनशे बारा कार्डांत सोडतो.
सोडतो, आणि मग बघत बसतो
कुठे कुठे जातात ते.
बघायलाच हवं असं नाही. पण स्क्रीन उघडीच असते.

शेवटचे आकडे ४४०७.
शरफुद्दीन मुकादम, वेल्डर, दाभोळचा.
खुबूस, शंभर बैसा. ताक, दोनशे.
दर गुरुवारी फोनचं रिचार्ज, एक रियाल;
गुरुवार बायकोचा की मुलीचा,
तेवढंच फक्त कार्ड सांगत नाही.
आणि फेब्रुवारीपासून बंदराजवळची फार्मसी,
रात्री अकरा बेचाळीस,
दर वेळी चार रियाल आठशे.

एकदा मी मुद्दाम गेलो.
विचारलं, चार आठशेला काय येतं?
काउंटरवरची मुलगी म्हणाली, साखरेच्या सुया.

कँपात कुणी विचारलंच तर म्हणेल,
साखर? मला? अरे, चहा तरी गोड करा आधी!
आणि हसेल, ठिणग्यांनी करपलेल्या भुवयांखाली.
खोलीतल्या सात जणांपासून त्याने लपवलं,
घरापासून लपवलं,
आणि मशीनवर टेकवून
सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची.
वाणी तेव्हाही लिहायचाच.
पण वही गल्ल्याखाली असायची
आणि तिला वाळवी लागायची.

आज साहेबांचा मेल:
करार वाढवण्याआधी
फार्मसीत वारंवार जाणाऱ्यांची यादी द्यावी.
शेवटी धन्यवाद.

मी यादी केली. चोवीस नावं.
एक पुसलं.
चहा आणला, प्यायलो, उरलेली पाठवली.
यात शौर्य वगैरे काही नाही.
उरलेल्या तेविसांचंही कुठेतरी दाभोळ असणारच.

संध्याकाळी एटीएममधून वीस रियाल काढले.
फोनने लगेच कळवलं,
मला, आणि आणखी कुणाकुणाला कोण जाणे.
कँपाच्या फाटकाशी मुकादमच्या हातात नोट कोंबली.
म्हटलं, सुया रोखीने घेत जा.

तो काही बोलला नाही.
मूठ मात्र मिटली.
मग बघत राहिला माझ्याकडे,
दार न वाजवता
घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसा.