एकशे दहा अंश

दोनशे लिटरच्या ऑइल ड्रमचं पोट उभं कापून
उद्यमनगरात वेल्डिंग करून आणलं मी.
जुन्या पाइपचे चार पाय. एक किंचित आखूड,
त्याच्याखाली शहाबादी फरशीची कपची.

खाली, हवेच्या तोंडाशी,
मेलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेला पंखा, तळहाताएवढा,
दूधपावडरचा डबा कापून केलेल्या नळकांड्यात बसवलेला.
आत, विस्तवाच्या वर, एक तार लोंबते.
दर दोन सेकंदांनी सांगते, किती.
कमी असेल तर पंखा फुंकतो,
जास्त झालं की गप बसतो.
एवढंच.
एवढंच जमायला मला अख्खा मे महिना लागला.

आबा खुर्चीत बसून बघायचे.
तीस वर्षं फाउंड्रीत, कुपोलाच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस.
बिडाचा रंग बघून सांगायचे, अजून दोन मिनिटं,
आणि दोनच मिनिटं असायची.
भुवया तेव्हा जळाल्या त्या नीट उगवल्याच नाहीत.
"ह्येला डोळं कुठं हाईत?"
मी तार दाखवली.
"मग ही आंधळ्याची काठी झाली की,"
म्हणाले, आणि तंबाखू मळत राहिले.

शनिवारी रात्री दहाला
बागवानांच्या नसीमाकडून आणलेला बाभळीचा कोळसा पेटवला.
बकऱ्याची मागची अख्खी मांडी,
कांदालसूण चटणी चोळून दुपारपासून मुरवलेली.
पडद्यावर ११० टाकलं आणि झोपले.
रविवारी बारा जण जेवायला.
त्यातल्या अकरांनी आधीच विचारलं होतं,
ते ठीक आहे, पण रस्सा?

सकाळी आलेख उघडला.
लेव्हलच्या नळीतल्या पाण्यासारखी
रात्रभर एक सपाट रेघ,
आणि तीन ठिकाणी खळगा,
प्रत्येक खळग्यापाठोपाठ एक उंचवटा.
पावणेतीन.
साडेतीन.
पाचाला दहा कमी.

आधी वाटलं, तार सैल झाली.
मग कळलं, कुणीतरी झाकण उघडलं होतं.
आतली ऊब निघून जाते,
खुळ्या पंख्याला वाटतं, विस्तू मेला,
जीव खाऊन फुंकत सुटतो.
मग झाकण पडतं
आणि आगीला आवरता आवरत नाही.

पावणेतीनला
तिसऱ्या पाळीत कुपोलाचं तोंड फोडायचे.
फाउंड्री बंद पडून नऊ वर्षं झाली,
त्या शेडमध्ये आता टाइल्सचं गोडाऊन आहे.

अंगणातली खुर्ची ड्रमजवळ सरकलेली.
खाली तंबाखूचा चुरा.
झाकणाच्या मुठीला गुंडाळलेला त्यांचा पंचा,
एक कोपरा करपलेला.

मी काही विचारलं नाही.
चहाची बशी तोंडाला लावताना तेच म्हणाले,
"पहाटं लई वारं सोडत हुतं तुझं यंत्र.
भ्यालं हुतं."

मांडी एका अंगाने जरा जास्त लागली होती.
बारा जणांनी हाडं चोखून ठेवली,
आणि रस्सा मागितला तो मागितलाच.
आबांनी तीनदा वाढून घेतलं.
"मीठ कमी हाय."

रात्री भांडी झाल्यावर
यंत्राला पाच ओळी नव्या लिहिल्या.
उष्णता एकदम कोसळली
तर विस्तव विझला असं समजू नको.
पंखा थांबव.
कुणीतरी बघायला आलं आहे.
चार मिनिटं वाट बघ.

मग चार खोडून सहा केली.
झाकण जड आहे.