हलू नका, मावशी

बुधवारी आणि शुक्रवारी मी बसते.
अप्परवरून साडेआठची बस, सुटे पैसे आधीच मुठीत.
कॉलेजच्या फाटकावर रखमाजी विचारतो, "आज कोणती साडी?"
मी म्हणते, तुला काय, तू काढणारेस का चित्र?

खुर्ची लाकडी चौथऱ्यावर.
तिच्या चारी पायांभोवती खडूच्या खुणा,
म्हणजे शुक्रवारी मी बुधवारच्याच जागी असावी.
माझ्या टाचेभोवतीही एक खूण आहे.
हनुवटी डावीकडे, नजर त्या खिळ्यावर
ज्याला कधीकाळी घड्याळ होतं.
पंचवीस मिनिटं त्यांची, पाच माझी,
मग पुन्हा पंचवीस.

पहिल्या दिवशी पोरांनी पाव काढले.
वाटलं, नाश्ता करतायत.
तर आतला मऊ भाग चिमटीत मळला
आणि कागदावरचा कोळसा पुसायला लागले.
माझं नाक पावानं पुसलं, खांदा पावानं पुसला.
मी खिळ्याकडे बघत राहिले.
लादी कितीला मिळते ते मला माहीत होतं.

आमच्या डोक्यावर नाचाचा वर्ग.
दहा वाजता वीस पोरींचे पाय छतावर उतरतात,
आधी हळू, कुणी डाळ निवडावी तसे,
मग दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट.
त्यांच्या बाई ओरडतात, "पुन्हा!"
चुन्याची भुकटी माझ्या केसांत पडते
आणि पुढच्या रांगेतला कुणीतरी तीही काढतो,
पांढरे केस समजून.

बाकी सगळं अंग माझं ऐकतं.
उजवं पाऊल ऐकत नाही.
त्यानं एकोणीस वर्षं बिबवेवाडीत
शर्टांच्या कॉलरी शिवल्यात,
डझनाला अकरा रुपये.
मशीन विकलं, गुडघा गेला,
पावलाला कुणी सांगितलंच नाही.
वर ठेका सुरू झाला की त्याला वाटतं
खाली पायडल आहे.

कोपऱ्यात तेरचा यशपाल ओव्हाळ.
तीन आठवड्यांत त्याचा चेहरा झाला, पदर झाला,
हातावरच्या शिरा झाल्या. पाऊल होईना.
"हलू नका, मावशी."
"नाही हलत रे."
"हलताय."
मग पाव, मग कोळसा, मग पाव.
सर त्याच्या मागे बराच वेळ उभे होते.
म्हणाले, ओव्हाळ, जरा वर जाऊन ये.

तो गेला. दारातच उभा राहिला असणार,
लाजाळू आहे.
परत आला, पाव खिशात टाकला
आणि पुसलेल्यावरच काढायला लागला.
त्या पंचवीस मिनिटांत तो काही बोलला नाही
आणि मीही पाय दाबून धरला नाही.

मार्चमध्ये सगळ्यांची चित्रं भिंतीवर लागली.
गुडघ्यापर्यंत मी धडधाकट बाई,
त्याखाली नुसती धुरकट गर्दी,
एका टाचेच्या जागी सहा टाचा.
खाली चिठ्ठी: बसलेली स्त्री. कोळसा, कागद.
गॉगल डोक्यावर सरकवून एक बाई म्हणाल्या,
पाय जरा राहिलेत, नाही?
त्यांनी माझ्याकडेच बघून विचारलं.
मी म्हटलं, हो, वेळ पुरला नसेल.

आता नवीन पोरं आलीत. खडूच्या खुणा पुन्हा आखल्यात.
माझ्या पाच मिनिटांत मी खाली उतरत नाही,
गुडघ्यासाठी.
चौथऱ्यावरून दिसतं,
डाँकीच्या पायांशी पावाचा काळा चुरा पडलाय
आणि मुंग्यांची रांग तो उचलून
भिंतीच्या चिरेत नेतेय, कोळशासकट.
त्यात कुणाचा कान असेल, कुणाचं नाक,
थोडं माझं पाऊलही.
ते अजून हलतंय का
बघायला वाकले,
तोवर पंचवीस मिनिटं सुरू झाली.